दार उघडं, उंबरठा उंच

जेरुसलेमच्या बुखारी मोहल्ल्यातल्या एका सिनेगॉगला हाजी अदोनियाहू हाकोहेन यांचं नाव आहे. हाकोहेन म्हणजे ज्यूंच्या पुरोहित घराण्यातला माणूस, आणि हाजी म्हणजे मक्केची यात्रा करून आलेला मुसलमान. एकाच माणसाने ही दोन्ही बिरुदं मिरवावीत आणि त्याच्या नावाच्या प्रार्थनागृहात तोरा वाचली जावी, हे कोडं सुटायला इराणमधल्या मशहदला जावं लागतं.

मशहद हे शियांचं मोठं तीर्थक्षेत्र. आठवे इमाम रझा यांची समाधी तिथे आहे. १८३९च्या मार्च महिन्यात तिथल्या ज्यू वस्तीवर जमाव चालून आला. तीसहून अधिक माणसं मारली गेली, सिनेगॉग उद्ध्वस्त झालं आणि उरलेल्यांनी जीव वाचवण्यासाठी इस्लाम स्वीकारला. शहर त्यांना ‘जदीद अल-इस्लाम’ म्हणू लागलं, म्हणजे नवमुस्लिम. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं या माणसांनी दोन आयुष्यं शेजारीशेजारी जगून दाखवली. प्रत्येकाला दोन नावं, एक बाहेरचं आणि एक घरातलं. लग्नाचे करारही दोन. शनिवारी दुकान बंद ठेवलं तर संशय यायचा, म्हणून दुकान उघडायचं आणि गल्ल्यावर लहान मुलाला बसवायचं. गिऱ्हाईक आलं की पोरगं सांगणार, बाबा बाहेर गेलेत. नाहीतर किंमतच अशी सांगणार की गिऱ्हाईक आपोआप पुढच्या दुकानात जाईल. बाजारातून मांस आणायचं ते शेजाऱ्यांना दिसावं म्हणून. मग ते कुत्र्यांना घालायचं. मुलींना बाहेरच्या घरातून मागणी येऊ नये म्हणून त्यांची लग्नं लहानपणीच आपापसात ठरवून टाकायची. त्यातले काही मक्केलाही जाऊन आले. काही कुटुंबं पुढे जेरुसलेमला येऊन उघडपणे ज्यू म्हणून राहू लागली आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी तिथे सिनेगॉगं बांधली. हाजी ही पदवी मात्र कुणी पाटीवरून खरवडून काढली नाही.

ही मंडळी जेरुसलेमला पोहोचली तेव्हा पुन्हा ज्यू होण्यासाठी त्यांना काय करावं लागलं? शास्त्राच्या काटेकोर हिशेबाने उत्तर द्यायचं तर काहीच नाही. शास्त्राच्या लेखी ती ज्यू नव्हती असा एकही दिवस गेलेला नव्हता.

धर्म बदलून पुन्हा ज्यू धर्मात येणं या विषयाची सगळी गुंतागुंत या उत्तरापासून सुरू होते. शास्त्र म्हणतं, तू गेलाच नव्हतास. समाज विचारतो, मग इतकी वर्षं होतास कुठे? आणि ज्या धर्मातून तो माणूस परत निघालेला असतो तो धर्म त्याला बजावतो की इथून आता सुटका नाही. विसाव्या शतकात या तिघांच्या जोडीला सरकारी कचेरीही येऊन बसली. हजार वर्षांत जे जे परतले, त्या बहुतेकांना शास्त्राने फारसं अडवलं नाही. अडवलं ते माणसांनी. कधी परक्यांनी, कधी आपल्याच माणसांनी.

शास्त्राची भूमिका आधी पाहायला हवी, कारण ती दिसते तितकी साधी नाही. तालमूद या ज्यू कायद्याच्या प्राचीन ग्रंथातल्या सान्हेद्रिन या भागात आखान नावाच्या माणसाची चर्चा आहे. बायबलमधल्या यहोशवाच्या काळात जेरिकोच्या लुटीतला निषिद्ध माल याने चोरून ठेवला होता. त्या चर्चेत एक मत येतं की पापामुळे माणसाचं इस्रायलपण जात नाही. मूळ संदर्भ चोरीचा आणि पापाचा होता, धर्मांतराचा मुळीच नव्हता. अकराव्या शतकात फ्रान्समधल्या त्रॉयस गावचा महापंडित राशी (१०४०-११०५) याने ते वचन उचलून धर्मांतरितांना लावलं आणि त्याचा कायदाच झाला. बाप्तिस्मा घेतलेला ज्यू हा ज्यूच. त्याने केलेलं लग्न हे लग्नच. त्याला कर्ज दिलं तर व्याज घ्यायचं नाही, कारण भावाकडून व्याज घेता येत नाही.

ऐकायला हे औदार्य वाटतं. पण त्याची किंमत कुणी मोजली तेही पाहावं. ज्यू कायद्याप्रमाणे एखादी बाई निपुत्रिक विधवा झाली, तर दिराने तिच्याशी लग्न करायचं किंवा विधिपूर्वक तिला मोकळं करायचं. त्याशिवाय तिला दुसरं लग्न करता येत नाही. दीर ख्रिस्ती होऊन निघून गेलेला असेल तर? जुन्या काळच्या काही पंडितांनी अशा बाईला सूट दिली होती. राशीने ती नाकारली. दीर ज्यूच आहे, तेव्हा मुक्तता त्याच्याकडूनच हवी. म्हणजे ज्याने समाजाकडे पाठ फिरवली, त्याच्या मर्जीवर एका तरुण विधवेचं आयुष्य टांगून राहिलं. शिवाय धर्मांतरिताची साक्ष ग्राह्य नाही, त्याने कापलेलं जनावर चालत नाही, त्याने हात लावलेला द्राक्षरस वर्ज्य. हक्क गेले, बंधनं राहिली. या तत्त्वाचं नुसतं कौतुक करणाऱ्यांना ही बाजू सहसा दिसत नाही.

राशीच्या आधीच्या पिढीत मेन्झचा रब्बी गेर्शोम (मृत्यू १०२८) होऊन गेला. परंपरा सांगते की त्याचा स्वतःचा मुलगा ख्रिस्ती झाला आणि तो परतण्याआधीच वारला. बापाने त्याच्यासाठी नेहमीच्या सात दिवसांऐवजी चौदा दिवस शोक पाळला. याच गेर्शोमच्या नावावर एक कडक आदेश आहे: परतून आलेल्या माणसाला त्याच्या भूतकाळाची आठवण करून देऊन कुणी लाजवायचं नाही. परतलेला माणूस पुरोहित घराण्यातला असेल तर त्याने सिनेगॉगमध्ये समाजाला आशीर्वाद देण्याचा आपला मान पुन्हा घ्यावा, असाही निवाडा त्याने दिला. लोक टोमणे मारत नसते तर असा आदेश काढायची वेळच आली नसती.

लोकांच्या मनातली अढी पाण्याशी जोडलेली होती. चर्चने ज्याच्या डोक्यावर पाणी घातलं, तो नुसता सिनेगॉगमध्ये येऊन बसला की झालं, हे सामान्य ज्यूला पटेना. तालमूदने न मागितलेलं स्नान मग रूढीने मागितलं. परतणाऱ्याने विधिस्नान करावं आणि तिघांसमोर नियम पाळण्याची कबुली द्यावी, ही रीत पडली. सोळाव्या शतकात क्राकोच्या मोझेस इसर्लेस याने ती कायद्याच्या पोथीत नोंदवली; मात्र हे मूळ शास्त्र नव्हे, नंतरच्या पंडितांनी घातलेली भर आहे, हेही स्पष्ट केलं. या स्नानाबद्दलची सगळ्यात तपशीलवार वर्णनं मिळतात ती मात्र शत्रूच्या दप्तरात.

चर्चच्या पाखंडविरोधी न्यायसंस्थेचा, म्हणजे इन्क्विझिशनचा, अधिकारी बेर्नार गी याने चौदाव्या शतकात आपल्या सहकाऱ्यांसाठी मार्गदर्शिका लिहिली. तिच्यात परतणाऱ्या ज्यूची ओळख सांगितली आहे. बाप्तिस्म्याचं पवित्र तेल जिथे लागलं ती कातडी वाळूने घासायची, हातापायांची नखं रक्त येईपर्यंत कापायची, डोकं भादरायचं आणि वाहत्या पाण्यात बुडी मारायची. असा विधी खरोखर सर्रास होत होता, की त्यातला बराच भाग चौकशी करणाऱ्यांच्या कल्पनेतून आला, यावर इतिहासकारांत वाद आहे. पण त्याच सुमाराला दक्षिण फ्रान्समधल्या पामिये गावी एका ज्यूने दिलेल्या जबानीतही नखं, मुंडण आणि पाणी येतं. त्याचं नाव बारूख, मूळचा जर्मनीचा, चांगला शिकलेला.

१३२० साली ‘मेंढपाळांची धर्मयात्रा’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या दंगेखोरांच्या झुंडी दक्षिण फ्रान्समध्ये ज्यूंची कत्तल करत फिरत होत्या. तुलूझमध्ये बारूखला मरण किंवा बाप्तिस्मा असा पर्याय मिळाला आणि त्याने बाप्तिस्मा घेतला. नंतर तो पुन्हा ज्यू म्हणून राहू लागला आणि पकडला गेला. बिशप झाक फूर्निये याच्यासमोर खटला चालला. मुद्दा एवढाच की जबरदस्तीचा बाप्तिस्मा खरा की खोटा? पोप तिसरा इनोसंट याने १२०१ मध्येच याचं उत्तर देऊन ठेवलं होतं. जो शेवटपर्यंत ‘नाही, नाही’ म्हणत राहिला त्याचाच बाप्तिस्मा खोटा. मरणाच्या भीतीने का होईना, ज्याने मान झुकवली त्याला तो बांधील. १२६७ मध्ये चौथ्या क्लेमेंटने परत ज्यू होणाऱ्यांमागे इन्क्विझिटर लावून दिले होतेच. बारूखने बिशपशी धर्मतत्त्वांवर दीर्घ वाद घातला, शेवटी हरला आणि ख्रिस्ती राहण्याची शपथ घेऊन सुटला. फूर्निये पुढे बारावा बेनेडिक्ट या नावाने पोप झाला आणि त्याचं चौकशीचं दप्तर व्हॅटिकनमध्ये जपलं गेलं. बारूखचा आवाज आज आपल्यापर्यंत येतो तो त्यामुळे.

सत्ताधाऱ्यांनी नेहमी अशीच भूमिका घेतली असं नाही. १०९६ मध्ये पहिल्या धर्मयुद्धाला निघालेल्या टोळ्यांनी ऱ्हाईनकाठच्या वर्म्स आणि मेन्झमध्ये ज्यूंचं शिरकाण केलं, अनेकांना बळाने बाटवलं. पुढच्याच वर्षी सम्राट चौथा हेन्री याने या बाटवलेल्यांना परत ज्यू होण्याची मोकळीक दिली. यावर त्याच्याच पाठिंब्याने पोपपदावर दावा सांगणारा तिसरा क्लेमेंट संतापला. सम्राटाला करदाते व्यापारी हवे होते, क्लेमेंटला आत्मे. परतणाऱ्यांच्या बाजूने उभे राहिलेले राज्यकर्ते बहुधा हिशेबी होते, आणि त्यांच्या हिशेबामुळे माणसं जगली.

इस्लामी जगातली गोष्ट थोडी निराळी. बाराव्या शतकात मोरोक्को आणि स्पेनवर अल्मोहद या मुस्लिम घराण्याची सत्ता आली आणि तिथल्या ज्यूंवर सक्ती सुरू झाली. तोंडाने कलमा म्हणून घरात ज्यू राहिलेल्यांना एका कडव्या ज्यू पंडिताने बाद ठरवलं, तेव्हा पुढे ज्यूंचा महापंडित म्हणून गाजलेल्या तरुण मायमोनिडीसने त्यांची बाजू घेणारं पत्र लिहिलं. दाबाखाली उच्चारलेल्या शब्दांनी कुणी धर्माबाहेर जात नाही, जमेल तेवढे नियम गुपचूप पाळा, आणि शक्य होईल तितक्या लवकर तो देश सोडा, असा त्याचा सल्ला. तेराव्या शतकातला चरित्रकार इब्न अल-किफ्ती सांगतो की स्वतः मायमोनिडीसही तिकडे असताना वरवर मुसलमान झाला होता. कैरोमध्ये ओळखीच्या एकाने त्याच्यावर इस्लाम सोडल्याचा आरोप ठेवला. त्या गुन्ह्याला शिक्षा मृत्यूची. सलाउद्दीनचा वजीर अल-कादी अल-फादिल याने निकाल दिला की सक्तीने झालेलं धर्मांतर इस्लामी कायद्यात ग्राह्यच नाही, आणि प्रकरण मिटलं. मायमोनिडीस खरंच मुसलमान झाला होता का, यावर अभ्यासक अजून भांडतात. पण वजिराचा निकाल आणि इनोसंट पोपचा नियम शेजारी ठेवून वाचण्यासारखे आहेत.

या सगळ्या इतिहासातली सर्वांत मोठी आणि सर्वांत दुखरी शाखा स्पेन-पोर्तुगालची, आणि ती सरळ गोव्यापर्यंत येते. १३९१च्या दंगलींत स्पेनमधले हजारो ज्यू बाटवले गेले. १४९२ मध्ये उरलेल्यांना देशाबाहेर काढलं. त्यातले पुष्कळ शेजारच्या पोर्तुगालमध्ये गेले, तर तिथे १४९७ मध्ये राजा मानुएलने सगळ्यांना सक्तीने ख्रिस्ती करून टाकलं. या नवख्रिस्त्यांवर पुढे इन्क्विझिशनची नजर राहिली. योम किप्पूर या प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी नवस-शपथा रद्द करणारी कोल निद्रे ही प्रार्थना या छुप्या ज्यूंसाठी रचली गेली, अशी एक लोकप्रिय कथा आहे. ती खरी नाही. प्रार्थना त्यांच्या कित्येक शतकं आधीची. पण सक्तीने दुसऱ्या देवाची शपथ घेतलेल्या माणसाला ती आपलीच वाटली असेल, यात नवल नाही.

अशाच एका घरातला गार्सिया द ओर्ता १५३४ मध्ये वैद्य म्हणून गोव्यात आला. त्याचे आईवडील स्पेनमधून हाकललेले आणि पोर्तुगालमध्ये बाटवलेले ज्यू. अहमदनगरच्या बुऱ्हाण निजामशहापर्यंत त्याची ऊठबस होती, मुंबईचं बेट काही काळ त्याच्याकडे पट्ट्याने होतं, आणि इथल्या औषधी वनस्पतींवर त्याने लिहिलेला संवादरूप ग्रंथ १५६३ मध्ये गोव्यात छापला गेला. युरोपभर नावाजलेला ग्रंथ. तोवर गोव्याची हवा बदललेली होती. १५४३ मध्येच जेरोनिमो डियास नावाच्या नवख्रिस्ती वैद्याला छुपा ज्यू म्हणून जाळलं होतं. १५४६ मध्ये फ्रान्सिस झेवियरने राजाला पत्र लिहून इन्क्विझिशनची मागणी केली. १५६० मध्ये ते आलं. कोचीनला तर नवख्रिस्ती व्यापारी आणि उघडपणे ज्यू असलेले लोक हाकेच्या अंतरावर राहत. जुन्या धर्माची वाट तिथे एका गल्लीएवढीच लांब होती, आणि नेमका तोच संशयाचा मोठा आधार ठरला.

ओर्ता १५६८ मध्ये अंथरुणात, चर्चचा सभासद म्हणून वारला. पुढच्याच वर्षी त्याची बहीण कातारिना हिला ज्यू धर्म पाळल्याबद्दल गोव्यात जिवंत जाळलं. घरच्यांच्या जबान्यांतून ओर्ताही मनाने मोझेसच्या धर्माचाच होता असं निघालं, आणि १५८० मध्ये त्याची हाडं उकरून जाळण्यात आली. ज्याने हयातीत उघडपणे परतण्याचं पाऊल कधी टाकलं नाही, त्याला इन्क्विझिशनने मेल्यावर बारा वर्षांनी ज्यू ठरवून दाखवलं. ओर्ता खरोखर काय मानत होता, हे त्याच्या ग्रंथातून सांगता येत नाही. तिथे तो मिरी, आंबा, हिंग आणि कॉलऱ्याबद्दल बोलतो. पणजीतल्या नगर उद्यानाला पुढे त्याचं नाव मिळालं.

कोकणातल्या बेने इस्रायल ज्यूंवर धर्मांतराची वेळ आली ती तलवारीने नव्हे, शाळेने. एकोणिसाव्या शतकात मिशनऱ्यांनी त्यांच्यासाठी मराठी-हिब्रू शाळा काढल्या. त्यात मायकेल सार्गन हा ख्रिस्ती झालेला कोचिनी ज्यूही होता. स्कॉटिश मिशनच्या जॉन विल्सनने १८३२ मध्ये मराठीतून हिब्रूचं व्याकरण लिहिलं. ख्रिस्ती झालेले मोजके. पण या शनवार तेल्यांच्या, म्हणजे शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या तेल्यांच्या, मुलांना बापजाद्यांच्या प्रार्थनांची भाषा मिळाली आणि ती आपल्या धर्मात आणखी पक्की झाली. मिशनऱ्यांना हे अपेक्षित नव्हतं.

पुन्हा युरोपकडे. सतराव्या शतकात पोर्तुगालमधून निसटलेले नवख्रिस्ती ॲम्स्टरडॅममध्ये जमू लागले आणि परतण्याची खरी अडचण तिथे उघडी पडली. हे लोक परतत होते, पण ज्या धर्मात परतत होते तो त्यांनी कधी पाहिलेलाच नव्हता. त्यांच्याकडे होतं लॅटिन बायबल, आजीने कुजबुजलेल्या दोनचार प्रार्थना आणि डुकराचं मांस खायचं नाही एवढी आठवण. प्रत्यक्षात समोर आला तो रब्बींनी शतकानुशतकं विणलेला नियमांचा बारीक कारभार. प्रौढ वयात सुंता, हिब्रूची मुळाक्षरं, स्वयंपाकघरात दुधाची आणि मांसाची भांडी वेगळी. चाळिशीच्या व्यापाऱ्याने लहान मुलांच्या बाकावर बसायचं. त्यांच्यासाठी स्पॅनिश आणि पोर्तुगीज भाषांत पुस्तकं निघाली. मादेइरात किंवा लिस्बनमध्ये जन्मलेला आणि लहानपणी बाप्तिस्मा झालेला मेनास्से बेन इस्रायल हा त्यांचा नामांकित रब्बी आणि शहरातला पहिला हिब्रू छापखानेवाला. इतिहासकार योसेफ कप्लान या लोकांना ‘नवे ज्यू’ म्हणतात.

या गर्दीतली दोन माणसं एकमेकांशेजारी उभी करून पाहावीत. पहिला युरिएल दा कोस्ता. पोर्तोचा, कोइंब्राला कॅनन म्हणजे चर्चचा कायदा शिकलेला, चर्चमध्ये खजिनदार. बायबल वाचून वाचून त्याला मोझेसचा धर्म खरा वाटू लागला. आई आणि भावांना घेऊन तो निसटला, त्याने सुंता करून घेतली आणि नंतर त्याला कळलं की बायबलमधला धर्म आणि ॲम्स्टरडॅमचा धर्म एक नव्हे. त्याने ते लिहून टाकलं. बहिष्कार पडला. वर्षानुवर्षांच्या एकटेपणाला कंटाळून १६४० मध्ये त्याने शरणागती पत्करली. भर सिनेगॉगमध्ये एकोणचाळीस फटके, आणि मग उंबऱ्यावर आडवं पडायचं आणि सगळ्या समाजाने त्याला ओलांडून जायचं. त्यानंतर थोड्याच दिवसांत त्याने स्वतःवर गोळी झाडली.

दुसरा इसाक ओरोबियो द कास्त्रो. स्पेनमध्ये नावाजलेला वैद्य, इन्क्विझिशनच्या कोठडीत तीन वर्षं छळ सोसलेला, नंतर तुलूझच्या विद्यापीठात शिकवणारा. १६६२ मध्ये तो ॲम्स्टरडॅमला आला, उघड ज्यू झाला आणि कायमचा झाला. इतकंच नव्हे, शंका काढणाऱ्या परतलेल्यांवर त्यानेच कोरडे ओढले. त्याचं निदान असं: साधे लोक आले की नम्रपणे शिकतात, तर्कशास्त्र आणि वैद्यक शिकून आलेले मात्र आपलं अज्ञान कबूल करायला लाजतात आणि बिघडतात. तो स्वतः दुसऱ्या गटातला होता हे तो विसरला नसावा. गंमत अशी की १६८७ मध्ये डच धर्मपंडित लिंबोर्खने ओरोबियोशी झालेला आपला वाद छापला तेव्हा त्याच पुस्तकाला दा कोस्ताच्या नावावरचं आत्मकथन जोडलं. एकाच बांधणीत टिकलेला आणि मोडलेला. (त्या आत्मकथनातला प्रत्येक शब्द दा कोस्ताचाच आहे का, यावर शंका घेतली गेली आहे.)

परतल्यावर पुन्हा मागे वळून पाहणाऱ्यांनाही हा समाज सोडत नसे. व्यापारासाठी किंवा नातेवाइकांसाठी कुणी स्पेन-पोर्तुगालला जाऊन आला, तर त्याने सिनेगॉगमध्ये सर्वांसमोर माफी मागायची. कारण तिकडे पाऊल ठेवायचं म्हणजे पुन्हा ख्रिस्त्याचं सोंग घ्यायचं. गेर्शोमचा न लाजवण्याचा आदेश इथे कुणाला आठवला असेल तर तशी खूण दिसत नाही.

पोर्तुगालमध्येच मागे राहिलेल्यांची पाळी विसाव्या शतकात आली. पोर्तोचा सैन्यातला कॅप्टन आर्तुर कार्लोस द बार्रोस बास्तो हा नवख्रिस्ती घराण्यातला. त्याने १९२० मध्ये तांजिरला जाऊन रीतसर ज्यू धर्म घेतला आणि परत येऊन उत्तर पोर्तुगालच्या डोंगरातल्या छुप्या ज्यूंना गोळा करायला लागला. पोर्तोमध्ये मोठं सिनेगॉग उभं राहिलं ते कदूरी कुटुंबाच्या देणगीतून. एली कदूरी हे बगदादचे; मुंबईच्या ससून पेढीच्या नोकरीतून ते हाँगकाँगला गेले आणि तिथे गडगंज झाले. त्यांच्या पत्नी लॉरा या पोर्तुगीज ज्यू वंशाच्या मोकाता घराण्यातल्या, म्हणून ही देणगी. १९३८ मध्ये सिनेगॉगचं उद्घाटन झालं; त्याआधीच, १९३७ मध्ये, सैन्याने बास्तोला बडतर्फ केलं होतं. ठपका त्याच्याकडे ज्यू धर्म शिकणाऱ्या विद्यार्थ्यांच्या सुंतांचा. पोर्तुगीज संसदेने त्याच्यावरचा अन्याय मान्य केला तो २०१२ मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर ५१ वर्षांनी.

सक्ती नसताना गेलेले आणि परतलेले लोक हा वेगळाच वर्ग. एकोणिसाव्या शतकातल्या जर्मन भाषक प्रदेशात नोकरी, विद्यापीठ, मानमरातब यांसाठी बाप्तिस्मा घेण्याची लाटच होती. कवी हाइने १८२५ मध्ये त्याच वाटेने गेला. संगीतकार आर्नोल्ड शोनबर्गने १८९८ मध्ये व्हिएन्नात प्रोटेस्टंट पंथ घेतला. १९२१च्या उन्हाळ्यात माट्झे या ऑस्ट्रियन गावात तो सुट्टीला गेला असताना इथे ज्यूंना राहता येणार नाही असं त्याला कळलं. बाप्तिस्म्याचा कागद कामी आला नाही. हिटलर सत्तेवर आल्यावर बर्लिनची प्राध्यापकी गेली आणि २४ जुलै १९३३ रोजी पॅरिसच्या एका उदारमतवादी सिनेगॉगमध्ये त्याने ज्यू समाजात परत येत असल्याच्या पत्रावर सही केली. साक्षीदारांत चित्रकार मार्क शागाल. शास्त्राला या सहीची गरज नव्हती. शोनबर्गलाही ती परतण्याची सुरुवात वाटत नव्हती. आपण कधीच परतलो आहोत असं त्याने आपला शिष्य आल्बान बेर्गला कळवलं. ‘मोझेस आणि आरोन’ हा ऑपेरा तर त्याने या सहीच्या आधीच लिहायला घेतला होता. तरी सही त्याला हवी होती. छळ सुरू झालेल्या वर्षी, सगळे पळवाटा शोधत असताना, कागदावर.

१९४८ मध्ये इस्रायल हे ज्यूंचं राज्य झालं, १९५० मध्ये परतीचा कायदा आला आणि जगातल्या कुठल्याही ज्यूला तिथे येऊन नागरिक होण्याचा हक्क मिळाला. मग ज्यू कोण, हे न्यायालयाला ठरवणं भाग पडलं. १९६२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढे आलेला अर्जदार होता ब्रदर डॅनियल, म्हणजे ओस्वाल्ड रुफाइझेन. पोलंडमध्ये जन्मलेला ज्यू, तरुणपणी कट्टर झायनवादी. दुसऱ्या महायुद्धात ओळख लपवून तो मीर गावी जर्मन पोलिसांचा दुभाषा झाला, तिथली ज्यू वस्ती संपवण्याची तारीख त्याने आतल्या लोकांना आधी कळवली आणि शंभरांहून अधिक माणसं जंगलात पळू शकली. स्वतः तो एका मठात लपला, तिथे ख्रिस्ती झाला आणि पुढे कार्मेलाइट संन्यासी. आता तो म्हणत होता की माझा धर्म कॅथलिक, पण राष्ट्र ज्यू. मला परतीच्या कायद्याने नागरिकत्व द्या. न्यायमूर्ती झिल्बर्ग यांनी निकालात मान्य केलं की ज्यू धर्मशास्त्राप्रमाणे हा माणूस ज्यूच आहे. पण परतीचा कायदा धर्मशास्त्र नव्हे. साधा ज्यू माणूस ‘ज्यू’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोळ्यांपुढे कॅथलिक संन्यासी नसतो. चार विरुद्ध एक मतांनी अर्ज फेटाळला. रब्बींच्या पोथीने आत ठेवलेल्या माणसाला निधर्मी न्यायालयाने बाहेर ठेवलं. १९७० मध्ये कायद्यातच दुरुस्ती करून दुसऱ्या धर्माचा माणूस ज्यू धरला जाणार नाही असं लिहिलं गेलं. रुफाइझेन सामान्य परदेशी माणसाप्रमाणे अर्ज करून नागरिक झाला आणि १९९८ मध्ये मरेपर्यंत इस्रायलमध्येच राहिला.

त्या दुरुस्तीचा खरा फटका बसला इथिओपियातल्या गरिबांना. १९९१च्या मे महिन्यात छत्तीस तासांच्या विमानफेऱ्यांत १४ हजारांहून अधिक इथिओपियन ज्यूंना इस्रायलला आणलं, पण ज्यांच्या आजे-पणजांनी मिशनऱ्यांच्या किंवा दुष्काळाच्या दाबाखाली ख्रिस्ती धर्म घेतला होता ते फलाश मुरा मागे राहिले. सख्खी भावंडं दोन खंडांत विभागली गेली. पुढे त्यांना आणलं गेलं ते परतीच्या कायद्याने नव्हे, साध्या प्रवेशाच्या कायद्याने; तेही ज्यू जीवनात परतण्याच्या शिक्षणक्रमाची अट घालून. मणिपूर-मिझोराममधल्या ब्नेई मेनाशेंना २००५ मध्ये इस्रायलच्या सेफार्दी मुख्य रब्बींनी इस्रायलचे वंशज मानलं. तरी पिढ्यान् पिढ्या चर्चला गेलेल्या या लोकांना रीतसर धर्मप्रवेश करावाच लागतो. पोथी दार उघडं ठेवते ती वंश ठाऊक असलेल्यांसाठी. वंशाचा कागद जंगलात, दुष्काळात किंवा इन्क्विझिशनच्या आगीत गेला, की परतणारा माणूस नव्याने येणाऱ्यांच्या रांगेत जाऊन उभा राहतो.

मायोर्का बेटावर मात्र उलटंच घडलं. तिथल्या पंधरा आडनावांच्या नवख्रिस्ती कुटुंबांना लोक चुएटा म्हणून हिणवत. १६९१ मध्ये त्यांच्यातल्या कित्येकांना जाळलं गेलं. शिक्षा झालेल्यांची नावं नंतर शतकाहून अधिक काळ पाल्माच्या मठात टांगलेली होती, म्हणजे नातवंडांनाही ती वाचता यावीत. जुने ख्रिस्ती त्यांच्याशी सोयरीक करत नसत. त्यामुळे तीनशे वर्षं चुएटांनी चुएटांशीच लग्नं केली. २०११ मध्ये इस्रायलमधल्या ब्नेई ब्राकचे रब्बी निस्सिम कारेलित्झ यांनी नेमक्या याच कारणावरून निर्णय दिला: सोयरिकी बाहेर गेल्याच नाहीत, ज्यूपण ज्या आईच्या बाजूने ठरतं ती साखळी तुटलीच नाही, तेव्हा जुन्या घराण्यांतले हे लोक ज्यू आहेत. शेजाऱ्यांच्या तिरस्काराने जे सांभाळलं, ते दुसऱ्या कुठल्याही कागदपत्राला सांभाळता आलं नसतं. निर्णयानंतर थोडे चुएटा पाल्माच्या ज्यू समाजात सामील झाले. बहुतेक कॅथलिकच राहिले, आणि त्यातल्या अनेकांना आपण शास्त्राप्रमाणे सदैव ज्यूच होतो हे कळलं ते वर्तमानपत्रातून.